कयाक घ्यायची, पण कशाची?

गेल्या खेपेला चोडणच्या खारफुटीतल्या फेरीबद्दल लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच प्रश्नाची आहेत. भाड्याच्या कयाकवर हात बसला, आता स्वतःची घ्यायची आहे, नदीतून बाहेर समुद्रात जायचं आहे. तर प्लास्टिकची घेऊ, फायबरची घेऊ की कार्बनची? फोंड्याच्या एका वाचकाने तर चार बोटींचा तक्ताच करून पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, फक्त एकीवर टिक करा."

तक्ता छान होता. लांबी, रुंदी, वजन, किंमत, सगळं होतं. दोन रकाने मात्र नव्हते आणि माझ्या मते तेच आधी हवेत. बोट वर्षाचे तीनशे दिवस ठेवणार कुठे? आणि ती लागणार कुठल्या किनाऱ्याला, वाळूला की खडकाला? एवढी उत्तरं भरली की बोट कशाची हवी ते बरंचसं ठरूनच जातं.

तीनशे दिवस हा आकडा उगाच लिहिलेला नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या समुद्रात असल्या छोट्या बोटीने जायचं नावच काढायचं नाही. उरलेल्या आठ महिन्यांत सुट्टीचे दिवस मोजा, त्यातून घरातली लग्नं, परीक्षा, शिगमो, पाहुणे वजा करा. साठ दिवस पाण्यात गेले तरी तुम्ही हौशी माणूस. बाकी सगळा काळ बोट अंगणात, गच्चीवर किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये पडून असते.

समुद्री कयाक म्हणजे पाळोळेला तासावर भाड्याने मिळते ती रुंद, वर बसायची बोट नव्हे. ही लांब, अरुंद, वरून झाकलेली असते आणि मधल्या कॉकपिटमध्ये पाय आत घालून बसायचं असतं. लांबी साधारण १५ ते १८ फूट, रुंदी ५५ ते ६० सेंटिमीटर. मूळची ती ग्रीनलंड आणि अलास्का भागातल्या इनुइट आणि अल्यूट शिकाऱ्यांची. तिकडे झाडं जवळपास नाहीतच, म्हणून समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवायचं. किनाऱ्यावर जे मिळतं आणि गावात जे दुरुस्त करता येतं त्याचीच बोट. हा हिशेब मला अजूनही पटतो.

आधी प्लास्टिक घेऊ. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, आणि ते तुमच्या चांगलं ओळखीचं आहे. गच्चीवरची पाण्याची काळी टाकी जशी करतात तशीच ही कयाक होते: साच्यात भुकटी घालायची, साचा भट्टीत सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतून सारखी बसते. अशी बोट जांभ्या दगडावरून ओढली, कालवं चिकटलेल्या खडकाला घासली, तरी ओरखड्यापलीकडे काही होत नाही. पहिल्या वर्षी आपण बोट आपटणारच, तेव्हा हा गुण मोठा. शिवाय किंमतही सगळ्यांत कमी. वजन मात्र १६-१७ फुटी बोटीचं २८ ते ३० किलोच्या घरात जातं. आणि तिचे दोन शत्रू आपल्याकडे मुबलक: ऊन आणि उष्णता. उन्हाने प्लास्टिक वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं. उष्णतेने मऊ पडतं. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या टपावर पट्टे करकचून आवळून काणकोण गाठलंत की बुडाला खोलगट पोचा पडलेला दिसतो. तो कायमचा बसला तर बोट सरळ चालायचं नाव घेत नाही. म्हणून ती सावलीत ठेवायची, कुशीवर, नाहीतर रुंद पट्ट्यांमध्ये टांगून. आणखी एक गोम म्हणजे पॉलिइथिलीनला कुठलाच गोंद धड चिकटत नाही. चीर पडली तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधावं लागतं आणि ते जमणारा माणूस शोधत हिंडावं लागतं.

आता फायबरग्लास, आपल्या बोलीत नुसतं फायबर. काचेचं कापड आणि रेझिन यांचे थर, वरून जेलकोटचा चकचकीत लेप. तेवढ्याच लांबीची बोट २४ ते २६ किलोत बसते. कवच ताठ असल्यामुळे पाण्यात ती अंग चोरत नाही, प्रत्येक वल्ह्याला पुढे सरकते. उन्हाने चमक जाते, पण ताकद सहज जात नाही. खडकावर बसली तर टवका उडतो, जोरात बसली तर भेग पडते, आणि हे ऐकूनच बरेच जण प्लास्टिककडे वळतात.

मी वळत नाही. त्याचं कारण परदेशी माहितीपत्रकांत मिळणार नाही, आपल्या किनाऱ्यावर मिळेल. आपल्याकडच्या छोट्या मच्छीमार बोटी आता बहुतेक फायबरच्या झाल्या आहेत. त्यामुळे बेतुल असो, वेंगुर्ले असो की कारवार, मॅट, रेझिन आणि हार्डनर घेऊन काम करणारा कोणीतरी जवळपास असतो. समुद्री कयाक त्याने जन्मात पाहिलेली नसेल, पण भेग पाहिल्यावर ती कुठपर्यंत खरवडायची हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. संध्याकाळी ठिगळ लावलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पाण्यात. एवढंच सांगायचं की बाबा, पातळ कापडाचे दोन थर पुरेत. नाहीतर तो प्रेमाने तिची मच्छीमार बोट करून देतो आणि चार किलो वजन वाढवतो.

केव्हलार आणि कार्बनबद्दल पत्रांमध्ये सगळ्यांत जास्त उत्सुकता आहे. केव्हलारचा धागा १९६५ साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी शोधला, टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधताना. तो चिवट आहे, फाटत नाही. पण दुरुस्तीच्या वेळी पॉलिश पेपर मारला की कापसासारखी लव उभी राहते आणि कारागीर वैतागतो. कार्बन त्याहून ताठ, पण घाव बसला की वाकण्याऐवजी मोडणारा. दोन्हींत वजन २० ते २२ किलोवर येतं. म्हणजे फायबरपेक्षा चार-पाच किलो वाचले आणि किंमत खूपच चढली. शर्यतीला जाणाऱ्याने घ्यावी. जांभ्याच्या कातळांमध्ये उतरणाऱ्याने माझं ऐकलं तर घेऊ नये.

लाकडाचं मी विसरलेलो नाही. घरी बनवायची हौस असेल तर चार मिलिमीटरचं मरीन प्लायवूड कापून, कडांना भोकं पाडून, तांब्याच्या तारेने टाके घालून, मग सांध्यांवर इपॉक्सी आणि फायबरची पट्टी देऊन कयाक करतात. ती २० किलोच्या आसपास भरते, म्हणजे कार्बनच्या तोडीची. दुसरी पद्धत सीडर लाकडाच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून आतबाहेर काचेचं कापड चढवण्याची. ज्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती आपल्या दिवाडीवर बांधली गेली, आणि तिच्या कवचाची जात हीच: लाकडी पट्ट्या, इपॉक्सी, काच. टाके घालून बोट करणंही इथे नवीन नाही. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' गोव्यातच काथ्याने फळ्या शिवून बांधली. लाकडी कयाकला मात्र दर एक-दोन वर्षांनी वॉर्निशचा हात द्यायलाच हवा, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. ज्याच्या सायकलीची साखळी गंजलेली असते त्याने या वाटेला जाऊ नये.

हे सगळं वाचून बोट कशाची आहे यावरच सगळं अवलंबून असतं असं वाटेल. म्हणून ऑस्कर स्पेकची गोष्ट सांगतो. हा जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला आणि १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या बेटांवर पोचला. पोचला तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं होतं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी थेट छावणीत झाली. कराचीहून सिलोनकडे जाताना तो आपल्याच किनाऱ्याने खाली उतरला. त्याच्या बोटीला लाकडी सांगाडा आणि वर रबर चढवलेलं कापड, एवढंच. वाटेत बोटी बदलाव्या लागल्या, मलेरिया झाला, पण कापडाने त्याला तिथवर नेलं. बोट तरंगत ठेवते ती तिच्या आत कोंडलेली हवा. ती हवा आतच राहील अशी व्यवस्था आहे का, हा बोट बघतानाचा पहिला प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझी भाची आगोंदहून पाळोळेला निघालो होतो. मी माझ्या बोटीत, ती भाड्याच्या, वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाकवर. भूशिर ओलांडलं, दुपारचा वायव्येचा वारा सुटायला लागला, आणि ती मागून ओरडली, "मामा, ही माझं ऐकतच नाहीये." वळून बघितलं तर बोटीचं मागचं टोक पाण्याला टेकलेलं. लाट आली की बोट एका बाजूला कलायची आणि कललेलीच राहायची. आत पाणी शिरलं होतं, आणि ते पाणी लाटेबरोबर इकडून तिकडे धावत होतं. दोन मिनिटांत ती उलटली. पुन्हा चढली, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा मी तिला चढू दिलं नाही. तिला माझ्या बोटीच्या मागच्या दोरीला धरायला लावलं, तिची बोट दोरीने बांधली आणि सगळ्यात जवळच्या वाळूकडे निघालो. जे अंतर दहा मिनिटांचं, त्याला अर्धा तास लागला. जाकीट अंगात होतं म्हणून मी इतक्या शांतपणे हे लिहितोय.

किनाऱ्यावर बूच काढलं तर पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं. पाणी निथळण्यासाठी बोटीला आरपार भोकं असतात, त्यातल्या एकाच्या कडेला बोटभर चीर होती. वर बसायच्या बोटीची ही नेहमीची दुखरी जागा. चीर कुठल्याही बोटीला पडू शकते. घात केला तो आतल्या रिकामेपणाने: या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पोकळी, मध्ये भिंत नाही. भाड्याने देणाऱ्याचं म्हणणं, "काल तर बरी होती."

म्हणून समुद्रात जाणारी कयाक घेताना आधी आडव्या भिंती मोजा. त्यांना बल्कहेड म्हणतात. एक पायांच्या पुढे, एक पाठीच्या मागे, म्हणजे पुढचा आणि मागचा कप्पा स्वतंत्र, हवाबंद. चांगल्या बोटीत मागे आणखी एक छोटा कप्पा असतो. अशा बोटीची एकूण पोकळी तीनशे लिटरच्या आसपास धरा. भिंती नसतील तर उलटल्यावर तेवढ्या जागेत पाणी शिरायला मोकळं रान, आणि लिटरला एक किलो या हिशेबाने ते कोणाच्याही हाताने उपसून संपत नाही. भिंती असतील तर पाणी फक्त कॉकपिटपुरतं, आणि पाठीची भिंत सीटला जितकी चिकटून तितकं आणखी कमी. पंपाने ते निघतं. बोटीच्या कडेने सगळीकडे फिरणारी पकडायची दोरीही बघा. माझी भाची धरून होती ती तीच. सामान अडकवायची लवचिक दोरी वेगळी, तिच्यावर माणसाचा भार टाकायचा नाही.

प्लास्टिकच्या बोटीत इथेच एक मेख असते. वर म्हटलं तसं पॉलिइथिलीनला काही चिकटत नाही, त्यामुळे फोमची भिंत लुकणाने बसवलेली असली तर दोन उन्हाळ्यांत कडेने सुटते. वितळवून सांधलेली भिंत बघून घ्या. फायबरमध्ये भिंत बोटीशी एकजीव असते. तिच्यात टाचणीएवढं भोक दिसलं तर दोष समजू नका. उन्हात कप्प्यातली हवा फुगते तेव्हा तिला वाट हवी म्हणून ते मुद्दाम ठेवतात. घरी बोट ठेवताना हॅचची झाकणं थोडी सैल ठेवायची तीही याचसाठी.

भाचीने मधल्या काळात नोकरी धरली, पैसे साठवले आणि ठरवलं की घ्यायची तर कार्बनचीच. पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बोट खाली पार्किंगमध्ये भिंतीला टांगून राहणार. मी तिला कातळ आणि दुरुस्तीचं पुराण सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुझी बोट तू आणि मामी मिळून उचलता. मी एकटी उचलते. जी उचलवत नाही ती पार्किंगमध्येच राहणार ना?" तिचं बरोबर होतं. वजनाचा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मात्र कार्बनमध्ये नव्हतं, मापात होतं.

बहुतेक समुद्री कयाक उंच, धिप्पाड युरोपियन पुरुष डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. पन्नास-पंचावन्न किलोची मुलगी त्यात बसली की बोट पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला पतंगासारखी धरतो, आणि मांड्या बोटीला टेकतच नाहीत. मांड्या टेकल्याशिवाय बोट कलती करता येत नाही, वळवता येत नाही, उलटल्यावर सरळ करायचं तर लांबच. आर्क्टिकमधले लोक बोट मालकाच्या अंगाच्या मापाने करत. लांबी तीन वावांएवढी, रुंदी कमरेला दोन मुठींची भर घालून, असं एक प्रसिद्ध माप आहे. आजही बऱ्याच चांगल्या बोटी छोट्या आकारातही येतात. भाचीने शेवटी घेतली ती तशी साडेपंधरा फुटी, छोट्या आकाराची, वापरलेली फायबरची बोट: २२ किलो. वाचलेल्या पैशांत दोन चाकांची गाडी, चांगलं जाकीट, आणि उलटल्यावर परत बोटीत कसं यायचं याचं शिक्षण. हे शिक्षण झाल्याशिवाय झाकलेल्या कयाकमध्ये खोल पाण्यात जायचं नाही, हा घरचा नियम आहे.

लांबीचा मोह पडतो, कारण लांब बोट जोरात जाते असं सगळे सांगतात. खरं आहे, पण किती? पाण्यात सोळा फूट बसणाऱ्या बोटीची वेगमर्यादा गणिताने तासाला दहा किलोमीटरच्या आसपास निघते. आपण दिवसभर वल्हवतो ते सहाच्या आसपास. वरचे चार बहुधा कधी वापरले जात नाहीत. उलट आपल्याकडे लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावरून ये-जा असते, तिथे जराशी आखूड, पुढून-मागून किंचित उचललेल्या बुडाची बोट पटकन वळते. सपाट बुडाला भुलू नका. दुकानासमोरच्या संथ पाण्यात ते खाटेसारखं स्थिर वाटतं, पण आडवी लाट आली की बोट लाटेच्या उताराबरोबर कलते. किंचित व्ही आकाराचं बूड सुरुवातीला डळमळीत लागतं, नंतर लाटेत तेच विश्वासाचं ठरतं.

शेपटीला सुकाणू की पोटात स्केग? बाजूने वारा आला की कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला लागतं. ते आवरायला मागच्या बाजूला बुडातून खाली सोडता येणारं छोटं पातं, म्हणजे स्केग. सुकाणूने पायाने बोट वळवता येते, पण ते बाहेर लटकतं, लाटांतून किनाऱ्याला लागताना वाकतं आणि पाण्यात पडलेल्याला लागतं. आपल्या किनाऱ्याला माझं मत स्केगच्या बाजूने. फक्त त्याच्या खाचेत वाळू अडकते, म्हणून पात्याला भोक पाडून दोरीचा छोटा फास बांधून ठेवा, सोबत्याला पाण्यातच ओढून ते मोकळं करता येतं. रंग पिवळा किंवा नारिंगी. पांढरी बोट फेसात दिसत नाही आणि ट्रॉलरवाल्याला तर मुळीच नाही.

वापरलेली फायबरची बोट बघायला जाल तर टॉर्च न्या. वरचा जेलकोट सगळ्यांचाच चमकतो. हॅच उघडून आत प्रकाश टाका. कापडाची वीण सगळीकडे सारखी ओली दिसली पाहिजे. पांढरट कोरडे डाग म्हणजे तिथे रेझिन कमी पडलंय, डबकं साचलेलं दिसलं तर तिथे फक्त वजन आहे. वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो तो सांधा आतून पट्टी लावलेला आहे का बघा. अंगठ्याने बूड दाबा, मऊ लागलं तर का ते विचारा. मग कॉकपिटमध्ये बादल्यांनी पाणी भरायला सांगा आणि चहा घेऊन या. परत आल्यावर पुढचा-मागचा कप्पा उघडून हात फिरवा, कोरडा हवा. शेवटी पाण्यात बसून बघायचं, निदान तासभर, कारण कंबर दुखायला लागते ती पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. विकणारा बसू देत नसेल तर दुसरा शोधा.

आकडे मी किंमतीचे दिलेले नाहीत, ते दिवाळीपर्यंतच शिळे होतील. फोंड्याच्या मित्राच्या तक्त्यावर टिक अजून केलेली नाही. त्याने आधी वजन, उंची आणि इमारतीच्या जिन्याची रुंदी कळवावी. पुढच्या खेपेला वल्ह्याबद्दल.